वेस्टाआत्याची पाठ

आमच्या जूनोला बाहेरून येणारा रस्ता नाही. गावात रस्ते आहेत, त्यांवर गाड्याही धावतात, पण उत्तरेला निघालात तर एका वळणापुढे डांबर संपतं आणि दक्षिणेला त्याहूनही लवकर. पुढे झाडं, बर्फ आणि पाणी. वेस्टाआत्या सगळा उन्हाळा हे जहाजांवरून उतरलेल्या पाहुण्यांना सांगायची. बंदरावरून सुटलेला रोपवेचा डबा झाडांच्या शेंड्यांवर आला की खाली खाडी उलगडत जायची. पलीकडचं डग्लस बेट, मासेमारीच्या बोटी, धक्क्याला लागलेली जहाजं, जी आता खेळण्यासारखी दिसत. पाहुणे काचेला नाक लावून बघत. त्यांच्यातलं कुणीतरी हटकून विचारायचं, हा खालचा रस्ता कुठे जातो?

"कुठेही नाही," आत्या म्हणायची.

पाहुणे हसायचे. ती हसायची नाही. तिला त्यात विनोद वाटत नसे.

मी खालच्या स्टेशनात यंत्राच्या खोलीत बसते. डबे दोनच आहेत. एक वर निघाला की दुसरा खाली यायला लागतो; दोघे एकाच दोराला बांधलेले, एकाला सोडून दुसरा हलू शकत नाही. अर्ध्या वाटेवर ते एकमेकांच्या शेजारून जातात. एका डब्याचं नाव डोमकावळा, दुसऱ्याचं गरुड. आम्ही त्लिंगिट, इथली मूळची माणसं, जन्मतःच या दोन बाजूंत वाटली जातो. बाजू आईकडून मिळते आणि लग्न पलीकडच्या बाजूत करावं लागतं. वेस्टा कावळ्याची, मी गरुडाची. माझे वडील तिच्या घराण्यातले, म्हणून ती माझी आत्या. तिची मुलगी रोशेल अर्थातच कावळ्याची, आणि रोशेलचा नवरा क्लेटन गरुडाचा. तो आमच्याकडे गरुडाच्या डब्यावर होता, आत्या कावळ्याच्या.

हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं असं रोपवेचे साहेब म्हणायचे. पण शिफ्ट लावताना ते दोघांना कधी एका डब्यात घालत नसत, एवढं खरं.

कारण जुनी रीत. सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. नजरेला नजर देत नाहीत, एका खोलीत आले तर एकजण दुसरीकडे तोंड करून बसतो. यात राग नसतो. हा मान असतो, आणि तो दोन्हीकडून द्यायचा असतो. आता फारसं कुणी पाळत नाही. माझी आई माझ्या नवऱ्याला सगळ्यांसमोर आळशी म्हणायची आणि तो तिच्या ताटातला मासा उचलून खायचा. पण वेस्टाआत्या पाळायची, आणि क्लेटनला त्याच्या आजीने वाढवलं होतं, म्हणून तोही पाळायचा. काही सांगायचं असलं तर मधल्या माणसाकडे बघून बोलायचं, "सांग त्याला", "सांग त्यांना". मध्ये माणूस नसला तर कुत्र्याला सांगायचं. कुत्राही नसला तर चुलीला.

दोन डबे शेजारून जाताना आत्या खाडीकडे तोंड करून उभी राहायची आणि क्लेटन डोंगराकडे. पाहुण्यांना वाटायचं, दोघे आपापल्या बाजूचा देखावा दाखवताहेत. वरच्या उपाहारगृहातला आचारी क्लेटनला चिडवायचा, की बाबा, माझ्या सासूची बदली तुझ्या सासूच्या जागी करता येते का बघ. क्लेटन नुसता हसायचा.

रिवाजाची दुसरी बाजू अशी, की सासूचा शब्द जावई मोडत नाही. मधल्या माणसाने निरोप पोचवला की संपलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आत्या सहज रोशेलला म्हणाली होती, माझ्या छपरातून गळतंय, सांग त्याला, बघ म्हणावं कधीतरी. दुसऱ्या दिवशी असलं वादळ होतं की बोटी सुटल्या नव्हत्या. आत्याला वर खडखडाट ऐकू आला. तिने खिडकीतून पाहिलं तर अंगणात शिडी, आणि शिडीच्या वर दोन बूट. ती ओरडून त्याला उतर म्हणू शकत नव्हती. शेवटी शेजारच्या घरी धावत गेली आणि म्हाताऱ्या शेजाऱ्याला हात धरून ओढत आणलं, की याला सांगा, खाली ये. तेव्हापासून क्लेटनच्या कानावर जाईल असं काही मागताना ती फार जपायची. ओठांवर आलेली गोष्ट गिळायची. मला एकदा म्हणाली होती की ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडे मागणं म्हणजे बांधलेल्या कुत्र्याला दगड मारणं.

ती बेटावरच्या अंगून गावची. तिथे पोचायला बोट लागते, आणि निघायलाही. लहानपणी उन्हाळ्यात सामन मासे वाळवायच्या तळावर, मोठी झाल्यावर डबाबंद माशांच्या कारखान्यात. माशांची डोकी उडवणाऱ्या यंत्रापाशी उभी राहायची. एकोणिसाव्या वर्षी सिॲटलला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं ठरलं. ट्रंक भरली. सरकारी बोटीच्या शिडीवर पाय ठेवला होता तेव्हा मामा धक्क्यावर धावत आला आणि म्हणाला, आई म्हणते, राहा. एवढंच. आईने कारण सांगितलं नव्हतं आणि आत्यानेही विचारलं नाही. ट्रंक मामाने परत वाहून नेली. पुढे लग्न करून जूनोला आली, सरकारी कचेऱ्यांच्या फरश्या पुसल्या, नवरा गेला, मग रोपवे सुरू झाला आणि कुणीतरी तिला म्हणालं की तिथे आपल्या माणसांना घेताहेत. ती गेली. बरी नोकरी होती. ऊब होती, गणवेशाचं जाकीट होतं, आणि दिवसभर सगळा समुद्र दिसायचा.

डबा वरच्या स्टेशनात थांबला की ती कोपऱ्यातल्या बाकावर बसून मणी ओवायची. नातीसाठी, ओपलसाठी, कातड्याचे छोटे जोडे. ओपल चार वर्षांची होती आणि दर उन्हाळ्याला तिचा पाय जोड्याच्या पुढे पळत असे. आत्या नेहमी पुढच्या वर्षाच्या मापाचे करायची.

हे झालं ते सप्टेंबरच्या अखेरीला. शेवटचं जहाज गेलं होतं. आवराआवरीचे दिवस होते. वरच्या दुकानातला माल खाली आणायचा, दारांना फळ्या ठोकायच्या. दुपारपासून आग्नेयेचा वारा वाढत चालला होता. क्लेटनला वर ठेवलेली आपली हत्यारं आणायची होती. गरुडाचा डबा वर होता, कावळ्याचा खाली, म्हणजे त्याने नेहमीप्रमाणे थांबायला हवं होतं. पण साहेब म्हणाले, आज कदाचित एकच फेरी होईल, जायचं तर आत्ता जा. तो डब्याच्या दारात थोडा वेळ उभा राहिला. आत आत्या होती, एकटीच. तिने खाडीकडे तोंड फिरवलं. तो आत शिरला आणि डोंगराकडच्या कोपऱ्यात जाऊन काचेला कपाळ लावून उभा राहिला. मी दार बंद केलं.

वाटेत वारा मर्यादेच्या वर गेला आणि मी यंत्र थांबवलं. थांबवावंच लागतं, अशा वेळी डबा हलता ठेवण्यापेक्षा टांगलेला बरा. वरून रिकामा खाली येणारा गरुडाचा डबाही जिथल्या तिथे थांबला. माझ्या खिडकीतून दोन ठिपके दिसत होते, मग ढग उतरला आणि तेही दिसेनासे झाले.

रेडिओ आत्याकडे होता आणि क्लेटनच्या पट्ट्यालाही होता. आधी आत्याचा आवाज आला.

"नेल्डे, विचार त्याला, दारापाशी पाणी आत येतंय, ते नेहमीचंच का."

मी बटण दाबून म्हटलं, क्लेटन, दारापाशी पाणी येतंय ते नेहमीचंच का, असं विचारतात. माझा आवाज त्या डब्यात दोनदा वाजला असणार, एकदा तिच्या हातात, एकदा त्याच्या कमरेला. दोघांमध्ये फार तर दोन माणसं आडवी मावतील एवढं अंतर होतं.

"सांग त्यांना, नेहमीचंच," क्लेटन म्हणाला. "पाय जरा आत घ्या म्हणावं."

मी सांगितलं. मग वारा कधी उतरेल ते त्याने विचारलं, मी माहीत नाही म्हटलं, तेही त्याच्याकडून तिच्याकडे माझ्यातूनच गेलं. मला हसू येत होतं. बराच वेळ गेला. दोर गुणगुणत होता. वारा जोरात असला की तो सूर धरतो आणि खालच्या खोलीची फरशी सुद्धा थरथरते. दुसरं काही करता येत नसलं की माणूस घरच्या गोष्टी काढतो. क्लेटननेही काढली.

"नेल्डाताई, त्यांना विचार, फ्रीजर त्यांच्याकडे आणून ठेवू का? परवाच्या बोटीत तो काही नेता येत नाही. आत मासे आहेत अजून."

मी विचार न करता निरोप पुढे ढकलला. सगळ्या गावाला ठाऊक होतं की क्लेटनला सिॲटलच्या गोदीत वेल्डिंगचं काम मिळालंय, बारमाही. इथे हंगाम संपला की तो हिवाळाभर लोकांच्या गाड्या ढकलत बसायचा. चर्चमध्ये बायकांनी रोशेलला निरोपाचा केक पण दिला होता.

रेडिओवर आत्या म्हणाली, "कुठली बोट?"

तेव्हा मला कळलं. क्लेटनला वाटत होतं, रोशेलने कधीच सांगितलंय. रोशेल रोज उद्यावर ढकलत होती; हंगाम संपू दे, आईला कामावर असताना त्रास नको. दुसऱ्या कुठल्याही घरात जावयाने एकदा सासूच्या तोंडाकडे बघितलं असतं आणि त्याला समजलं असतं की हिला माहीत नाही. किंवा सासूने त्याच्या तोंडाकडे. आणि आम्ही बाकीचे गप्प, कारण घरातली गोष्ट घरातल्यांनी सांगायची असते. केकच्या दिवशी आत्या डब्यावर होती.

मग मलाच सांगावं लागलं. सिॲटल, गोदी, रोशेलच्या मावसबहिणीच्या इमारतीतलं घर. परवा. मी शक्य तितकं थोडक्यात सांगितलं. सांगताना मी यंत्राच्या घड्याळांकडे बघत होते, जणू आत्या तिथे बसली आहे आणि मीच तिच्याकडे पाठ करायला हवी.

तिने बटण दाबलं तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग ती हळू आवाजात म्हणाली.

"नेल्डे. सांग त्याला, माझ्या नातीला इथून नेऊ नको."

ओपल कावळ्याची, म्हणजे आत्याच्याच घराण्याची. तिथे दूर ती कुणाची म्हणून वाढणार? आत्याचं काही चूक नव्हतं. क्लेटनने ते ऐकलंच होतं, तो बहिरा नव्हता. पण आमच्यात असं आहे की निरोप मधल्या माणसाने उच्चारेपर्यंत तो दिलेला नसतो. मी बोलले की क्लेटन उद्या गोदीला फोन करून नाही म्हणणार होता, सामान सोडणार होता, आणि पुढची वीस वर्षं गरुडाच्या डब्यात डोंगराकडे तोंड करून उभा राहणार होता. कुरकुर न करता. छपरावरच्या त्याच्या बुटांसारखा.

माझा अंगठा बटणावर होता. खोलीत मी एकटी होते आणि खुर्ची सोडून कुठे जाता येत नव्हतं. डबा दोरावर असला की खुर्ची सोडायची नसते.

मी म्हटलं, "आत्या, वाऱ्यात आवाज तुटला. शेवटचं कळलं नाही. पुन्हा सांग."

आवाज मुळीच तुटला नव्हता. तिलाही ते कळलं असणार. माझ्या बापाच्या घराण्यातल्या बाईशी मी खोटं बोलत होते आणि ती ते ऐकून घेत होती.

तिने ते पुन्हा सांगितलं नाही. पुढचं मला त्या दोघांनी नंतर, वेगवेगळं सांगितलं. दारातून उडणाऱ्या पाण्याने आत्याची बाही भिजली होती आणि ती कुडकुडत होती. क्लेटनने काचेत तिचं हलणारं प्रतिबिंब पाहिलं, मग तेही पाहायचं नसतं म्हणून डोळे मिटले. डोळे मिटूनच त्याने अंगातलं जाड जाकीट काढलं आणि मागे हात करून मधल्या बाकावर ठेवलं. आत्याने ते घेतलं. थोड्या वेळाने तिने आपल्या पिशवीतून वाळवलेल्या सामनची पट्टी काढली, मोडली, आणि जाकीट होतं त्या जागी अर्धी ठेवली. त्याने चाचपून उचलली. दोघे आपापल्या काचेकडे तोंड करून चावत राहिले. बाहेर काही दिसत नव्हतं. एरवी ज्या काचेतून पन्नास माणसं समुद्र बघत, ती काच नुसती पांढरी होती.

"नेल्डे," रेडिओ खरखरला.

"बोल, आत्या."

"काही नाही. त्याला सांग, फ्रीजर आणून ठेव. पण मासे तुम्ही घेऊन जा म्हणावं. तिकडे मिळतात ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे लागतात. ओपलला शेपटाकडचा तुकडा आवडतो. तो कडेला बांधायचा, म्हणजे वाटेत मोडत नाही."

मी शब्द न् शब्द सांगितला. पुठ्ठासुद्धा.

"सांग त्यांना, हो," क्लेटन म्हणाला. मग म्हणाला, "सांग त्यांना, घर लहान आहे, पण एक खोली आहे. त्यांच्यासाठी."

"विचार त्याला, घराला दारं किती?"

"एकच," क्लेटन म्हणाला.

इथे आत्याच्या घराला पुढचं दार आहे आणि मागचं. क्लेटन पुढून आला की ती मागून शेजारी जायची. सगळे सण असेच पार पडायचे. रेडिओवर तिचा हसण्याचा आवाज आला, किंवा खोकल्याचा.

"मग सांग त्याला, एका दाराच्या घरात मी आणि तो कुठकुठल्या भिंतीकडे तोंड करून जगायचं? भिंती चारच असतात. त्यातली एक रोशेलला लागेल रडायला."

मी हाही निरोप जसाच्या तसा पोचवला.

वारा उतरला तेव्हा मी डबा सावकाश मागे, खाली आणला. दार उघडलं. क्लेटन आधी बाहेर पडला, शर्टावरच, आणि न थांबता धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आत्या आत बसून राहिली. मग उठली. त्याचं जाकीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं, आणि त्यावर कातड्याचे छोटे जोडे. एकाचे मणी अर्धेच ओवले होते. म्हणाली की माप पुढच्या वर्षाचं आहे, रोशेलला सुई धरता येते, उरलेलं तिने करावं.

मी म्हटलं, आत्या, मघाशी काय म्हणाली होतीस ते परत सांग, आता वारा नाही.

"मी काही म्हणाले नव्हते," ती म्हणाली, आणि डब्याला साखळी लावायला गेली.

क्लेटन, रोशेल आणि ओपल बोटीने गेली. फ्रीजर आत्याच्या स्वयंपाकघरात आला, एका माणसाला फार मोठा, आणि हिवाळाभर त्याची घरघर चालायची. मी गेले की ती मला त्याच्यावर बसवायची, कारण जागाच उरली नव्हती. रविवारी क्लेटन मला फोन करायचा. सासूशी तो फोनवरही बोलत नाही. "सांग त्यांना, ओपलला शाळेत घातलं." "सांग त्यांना, जोडे झाले, बसतात." मी कोट चढवून टेकडी चढायचे आणि सांगायचे. उत्तर घेऊन उतरायचे. एकदाच त्याने मला विचारलं, नेल्डाताई, त्या दिवशी आवाज खरंच तुटला होता का? मी म्हटलं, वारा होता.

त्याने दोनदा तिकीट पाठवलं. दोन्ही वेळा आत्याने ते फ्रीजरवर ठेवलं आणि विचारलं, दारं किती झाली म्हणावं.

मे महिन्यात जहाजं पुन्हा आली. गरुडाच्या डब्यावर ओहायोचा एक निवृत्त शिक्षक लागलाय, हौसेने आलेला, सगळ्यांशी बोलणारा. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या खोलीत आला आणि जरा खट्टू होऊन विचारू लागला, त्या कावळ्याच्या डब्यातल्या बाईंना माझा राग आहे का? अर्ध्या वाटेवर डबे शेजारी आले की मी रोज हात करतो आणि त्या रोज पाठ फिरवतात.

मी म्हटलं, राग नाही. हा मान आहे, आमच्याकडे तो जावयाला देतात.

"पण मी तर त्यांचा कुणीच नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते तिलाही ठाऊक आहे. तेवढ्यात वरून घंटा झाली, आणि मी यंत्र सुरू केलं.